अर्ध्या मिनिटात गाणं कळतं?

मंद्रसप्तक
परवा तिसरा_बेंच या आयडीने ‘या महिन्यात आलेली माझी आवडती गाणी’ अशी बारा गाण्यांची यादी टाकली. कॉलेजातला मुलगा आहे, हौसेने लिहिलंय, यादीबद्दल काहीच म्हणणं नाही. पण खाली एक वाक्य आहे, ‘दर शुक्रवारी नवीन आलेलं सगळं चाळतो, पहिल्या अर्ध्या मिनिटात पकडलं नाही तर पुढे’. ते वाचलं आणि राहवलं नाही. तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला, फार लांबला म्हणून हा वेगळा धागा.

अरे, गाणं चाळायचं असतं का? कोणीतरी महिनोन्‌महिने बसून चाल बांधते, शब्दांवर भांडते, वादकांच्या तारखा जुळवते, आणि तू अर्ध्या मिनिटात निकाल लावून मोकळा. मी तुझ्या वयाचा असताना अख्ख्या सुट्टीत एकच कॅसेट होती माझ्याकडे. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं अजिबात आवडायचं नाही, रटाळ वाटायचं, पण फॉरवर्ड केलं की वॉकमनचे सेल भराभर उतरायचे म्हणून गप ऐकायचो. कॉलेज उघडेपर्यंत बाकीची सगळी मागे पडली आणि तेच राहिलं, आजही आहे. आज मी ते अर्ध्या मिनिटात उडवलं असतं. तुमच्या पिढीकडून असं काय काय निसटतंय ते तुम्हाला कळणारही नाही, याचं वाईट वाटतं.

तिसरा_बेंच
काका, निदान पूर्ण पोस्ट तरी वाचायची. अर्ध्या मिनिटात मी फक्त ठरवतो की हे आत्ता ऐकायचं की नाही. यादीतली बाराच्या बारा गाणी पुन्हा पुन्हा ऐकलीत, प्रत्येकाखाली काय आवडलं ते लिहिलंय. पाचव्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला ढोल थांबतो आणि नुसता श्वास ऐकू येतो, हे चाळून कळतं का?

आणि तुमच्याकडे एक कॅसेट होती म्हणून तुम्ही एक ऐकलीत. माझ्यापुढे दर शुक्रवारी ढीग येऊन पडतो. सबमिशन, प्रॅक्टिकल, त्यात हॉस्टेलचं वायफाय रात्री अकरानंतरच नीट चालतं. मी निवडलं नाही तर अ‍ॅप माझ्यासाठी निवडणार, आणि ते मला मागच्या आठवड्यात जे ऐकलं त्याचंच भावंड आणून देतं. मला ते नकोय म्हणून तर स्वतः बसून यादी करतो. आमच्या मजल्यावर चार जण तरी ती बघून ऐकतात.

रेकॉर्डिंगवाला
मंद्रसप्तक यांच्याशी शंभर टक्के सहमत. स्टुडिओत आयुष्य गेलंय माझं. हल्ली मिक्स ऐकायला आलेला माणूस पहिलं वाक्य काय बोलतो? ‘गाणं कुठे सुरू होतं?’ अहो सुरूच आहे, हा त्याचा सुरुवातीचा तुकडा आहे! नाही, काढा तो, आवाज पहिल्या सेकंदाला पाहिजे. मागच्या वर्षी एका सारंगीवाल्याने इतका सुंदर तुकडा वाजवला होता की आम्ही काचेपलीकडे सगळे गप्प बसलो होतो, फायनलला तो अख्खा उडवला. का, तर लोक पुढे जातात. हे ‘लोक’ म्हणजे कोण? हेच, अर्ध्या मिनिटवाले. मध्यंतराचं म्युझिक गेलं, तिसरं कडवं गेलं, आता दोन मिनिटांत गाणं संपतं.

मध्यलय
छोट्या गाण्यांचं खापर पोरांवर फोडू नका. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटंच मावायची. १९०२ मध्ये गायिका गौहरजान ग्रामोफोन कंपनीसाठी गायल्या तेव्हा जो राग बैठकीत तासभर चालायचा तो त्यांना त्या तीन मिनिटांत बसवावा लागला, आणि त्यांनी तो बसवला. जास्त वेळ वाजणारी लाँग प्ले तबकडी आली १९४८ मध्ये. म्हणजे गाण्याची लांबी आधीपासून यंत्र ठरवत आलंय. तेव्हा तबकडी होती, आता अ‍ॅप आहे.

रेकॉर्डिंगवाला
गौहरजान मधे आणायचं कारण नव्हतं. तिथे जागाच नव्हती. इथे हवी तेवढी जागा आहे आणि तरी कापतायत. फरक कळत नसेल तर बोलणं खुंटलं.

मध्यलय
फरक कळतोय म्हणूनच लिहिलंय. आवाज चढवायचा नाही.

घरचा_गिटारिस्ट
सगळे लोक लोक करताय म्हणून सांगतो हे अर्धं मिनिट आलं कुठून. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं तरच एक स्ट्रीम धरतात. एकोणतिसाव्या सेकंदाला कोणी पुढे गेलं तर माझ्या हिशेबात शून्य. आणि २०२४ पासून, आधीच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या गाण्याची रॉयल्टीच नाही, ते पैसे बाकीच्या गाण्यांकडे जातात. तुमची वर्गणी तुम्ही ऐकलेल्या गायकालाच मिळते असं वाटत असेल तर तेही नाही, सगळ्यांचे पैसे एका हौदात आणि एकूण स्ट्रीमच्या प्रमाणात वाटप. तुम्ही महिनाभर फक्त मलाच ऐका, तरी त्यातला मोठा वाटा तुम्ही कधी ऐकलंच नाही अशा माणसाला जाणार. आता सांगा मी सुरुवातीला मिनिटभर सारंगी कशाच्या जिवावर ठेवू?

मंद्रसप्तक
पैशांचा विषय वेगळा आहे, धागा ऐकण्याबद्दल आहे.

घरचा_गिटारिस्ट
वेगळा कसा? तुम्ही ऐकता म्हणून आम्ही करतो ना? माझं ऐका एकदा. मागे एक गाणं काढलं, बहिणीच्या खोलीत गाद्या उभ्या करून रेकॉर्ड केलेलं. दोन महिने कोणी विचारलं नाही. मग कुठल्या तरी अनोळखी प्लेलिस्टमध्ये ते गेलं आणि आकडा एकदम वर. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. चार दिवसांनी ज्या कंपनीतर्फे गाणं चढवलं होतं तिची मेल, तुमचे स्ट्रीम खोटे आहेत, गाणं काढून टाकलंय. मी एकही खोटा स्ट्रीम विकत घेतला नव्हता, ती प्लेलिस्ट कोणाची तेही मला माहीत नाही. दाद मागायला माणूसच नाही, उत्तर येतं तेही मशीनचं. शेवटी पुन्हा शून्यापासून चढवलं. ते गाणं आवडणारे जे थोडे लोक होते त्यांनी सेव्ह केलेलं, ते सगळं गेलं.

खर्ज_लावा
सगळं मान्य, पण कोणी बोलावलं नव्हतं यात. नोकरी करा, गाणं छंद म्हणून करा, पैशांची अपेक्षा कशाला. पूर्वीचे लोक कलेसाठी उपाशी राहिले.

घरचा_गिटारिस्ट
नोकरीच करतोय, आठ वर्षं. ‘उपाशी राहिले’ हे कौतुकाने सांगायची गोष्ट आहे का? त्यांच्या बायकापोरांना विचारलं होतं का कोणी? तुमच्या पगाराबद्दल मी असं बोललो तर चालेल का, सांगा.

ऐरणीची_लेक
सगळ्यांनी जरा शांत व्हा. खर्ज_लावा यांचा प्रतिसाद खरंच लागट आहे. माझी लेक व्हायोलिन शिकते, तिला हेच ऐकवतात नातेवाईक, वर तिच्याकडून फुकटात कार्यक्रमही हवे असतात.

गिटारिस्ट, हौदाचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण सगळीकडे तसं नाही. साउंडक्लाउड या गाण्यांच्या अ‍ॅपने २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी वेगळी पद्धत आणली, श्रोत्याचे पैसे तो ज्यांना ऐकतो त्यांच्यातच वाटायचे. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं.

घरचा_गिटारिस्ट
येतं ना ताई. पण माझे ऐकणारे तिथे नाहीत.

तिसरा_बेंच
धागा माझ्या यादीवरून सुरू झाला आणि मलाच कोणी विचारत नाहीये, म्हणून लिहितो. गिटारिस्ट दादा, मला हजारचं माहीत नव्हतं. माझ्या यादीतल्या बारापैकी पाच गाण्यांपुढे अजून हजाराचा आकडासुद्धा दिसत नाही. ती मला अ‍ॅपने दिलेली नाहीत, शुक्रवारच्या ढिगात तळाशी सापडली. मी प्रत्येक गाण्याला पहिल्याच दिवशी साडेचार मिनिटं देत बसलो असतो तर तळापर्यंत पोचलोच नसतो. मग काका, मी संगीताचं नुकसान करतोय की ज्यांना कोणी ऐकत नाही त्यांच्यापर्यंत जातोय? मंद्रसप्तक काका, रेकॉर्डिंगवाले काका, तुम्ही दोघांनी या वर्षी आलेलं, ज्याचं नावही ऐकलं नव्हतं अशा माणसाचं एक तरी गाणं पूर्ण ऐकलंय का? राग धरू नका, पण मला खरंच उत्तर हवंय.

रेकॉर्डिंगवाला
मी रोज ऐकतो, कामच आहे ते. उद्धटपणा नको.

मध्यलय
यात उद्धटपणा कुठे दिसला? प्रश्न चोख आहे. शुक्रवारचाही हट्ट त्याचा नाही, १० जुलै २०१५ पासून जगभर रिलीजचा वार शुक्रवारच ठरवलाय. त्याआधी देशोदेशी वेगवेगळे वार होते. एका दिवशी सगळं अंगावर आल्यावर पोरगं दुसरं काय करणार.

मंद्रसप्तक
तिसरा_बेंच, तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. या वर्षी नाही ऐकलं. त्याने माझा मुद्दा खोटा ठरत नाही. तळापर्यंत जातोस, चांगलं करतोस, एवढं देतो तुला. पण वाटेत जी उडवलीस त्यात माझ्या दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्यासारखं एखादं असणारच, आणि ते कोण ऐकणार? तेवढं एक कर, दर महिन्याला उडवलेल्यांतलं कुठलंही एक उचल आणि आठवडाभर पूर्ण ऐक. आवडलं नाही तर तसं लिही. मी वाचेन.

यादीतली पहिली सहा काल रात्री ऐकली. पाचव्यातला श्वास ऐकू आला. चौथ्यात मात्र गायिकेचा आवाज इतका मागे दाबलाय की शब्द कळत नाहीत, ते आवडायचं कारण काय ते सांग.

तिसरा_बेंच
चौथं हेडफोनवर ऐकलंत की फोनच्या स्पीकरवर? स्पीकरवर तिचा आवाज जातोच. आणि शब्द पहिल्यांदा मलाही कळले नव्हते, म्हणून तर परत लावलं. उडवलेल्यांतलं एक उचलतो, पण कुठलं ते तुम्ही सांगायचं. सगळ्यांची नावं रात्री इथेच टाकतो.

घरचा_गिटारिस्ट
त्यात माझं असेल तर नाव गाळू नकोस. कितव्या सेकंदाला सोडलंस तेही लिही, मला कामाला येईल.