स्तन लहान करण्याच्या ऑपरेशननंतरचा बधिरपणा: १५०० रुपयांत काय घेऊ?

चाफा७:
ऑपरेशनला सात आठवडे झाले. टाके भरले, खपल्या पडल्या. उजवं स्तनाग्र बधिर आहे. डावीकडे उलटं, कुर्त्याचं अस्तर घासलं तरी अंगावर काटा येतो. खालच्या टाक्यांशी बोट फिरवलं की पुठ्ठ्यावरून फिरवल्यासारखं वाटतं. सर्जन म्हणतात, थांबा. थांबते, पण तोवर काही घ्यायचं असेल तर काय? तेल, मसाजर, गोळ्या, ब्रा? बजेट १५००, त्यावर एक रुपया नाही.

रोखठोक:
१५०० त काय होतंय? चांगल्यातली सिलिकॉन शीट घ्या. पहिले दोन-तीन दिवस २ तासच लावायची, पुरळ उठलं नाही तर वाढवत १२ तासांवर न्यायची. किमान २-३ महिने. रोज साबणाने धुवायची, नाहीतर घामाने कुजकट वास येतो.

मिरजकर:
शीट व्रणासाठी असते हो, संवेदनेसाठी नाही. प्रश्न वाचा.
चाफाताई, स्तनाग्राची मुख्य नस चौथ्या बरगडीखालून, काखेच्या बाजूने येते. ती नुसती ताणली गेली असेल तर काही आठवड्यांत जाग येते. कापली गेली असेल तर आधी काही आठवडे सगळं शांत, मग साधारण दिवसाला १ मिमी वाढ. १० सेंमी अंतर म्हणजे शंभर दिवस आणि वर ते सुरुवातीचे आठवडे. म्हणून सात आठवड्यांवर निकाल लावू नका, वर्ष-दीड वर्षापर्यंत फरक पडत राहतो. पूर्ण परत येईलच अशी हमी मात्र नाही.
डिस्चार्ज कार्डावर बहुधा नुसतं ऑपरेशनचं नाव असतं. ऑपरेशन नोटची प्रत मागा. स्तनाग्र देठावर (शरीराला जोडलेला मांसाचा पट्टा, डॉक्टर पेडिकल म्हणतात) ठेवून वर सरकवलं की पूर्ण सुटं करून कलम केलं, ते त्यात लिहिलेलं असतं. कलम असेल तर अपेक्षा बरीच खाली आणायची.

अबोली:
बी-१२ ची इंजेक्शनं सुरू करा. नसांना तेच लागतं.

मिरजकर:
कमी असेल तर लागतं. आधी रक्त तपासा. शाकाहारी असाल तर कमी निघण्याची शक्यता बरीच. पातळी नीट असताना जास्तीचं घेऊन नस वेगाने वाढत नाही.

अबोली:
सगळे डॉक्टर देतात, मग ते काय उगाच?

घाटमाथा:
टेन्स मशीन घ्या, कातडीला पट्ट्या चिकटवून हलका करंट देतं ते. बजेट थोडं ताणा, घरात सगळ्यांना कंबरेला होतं.

मिरजकर:
बधिर कातडीवर टेन्स नको! करंट किती वाढवला ते कळत नाही, चट्टा भाजतो. त्याच कारणाने गरम पाण्याची पिशवी, बर्फ, हेअर ड्रायर, सगळं बंद. ओढणीला पिन लावतानासुद्धा आरशात बघून.
जे करायचं त्याला पैसे लागत नाहीत. डावीकडे: मलमल, मग साधं सुती, मग टॉवेलची खरबरीत बाजू. चांगल्या कातडीपासून सुरू करून दुखऱ्या कडेकडे, ५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. एक कापड सोसवलं की पुढचं. उजवीकडे: कापसाचा बोळा बघत बघत फिरवा, डोळे मिटून तेच, पुन्हा बघून. कागदावर घड्याळाची तबकडी काढून ३, ६, ९, १२ पाशी काय जाणवतं ते महिन्यातून एकदा लिहा. रोज लिहिलं तर फरक दिसत नाही आणि जीव कावतो.
अधूनमधून शॉकसारखी चमक किंवा खाजवूनही न सापडणारी खाज आली तर घाबरू नका, नस वाढताना असं होतं. चमकेने झोप मोडत असेल तर त्याला वेगळ्या गोळ्या आहेत, पण चिठ्ठीशिवाय नाही, पेंग येते. एका बाजूला अचानक सूज, लाली, ताप असेल तर मात्र ही चर्चा बंद करून सर्जनला फोन.

रोखठोक:
+१ मलमल. शीट पण घ्या.

शिवणयंत्र:
ब्रा कोणी बोलतच नाहीये. तारेची नको, पुढून हूक, आतून कपवर आडवी शिवण नको. ती शिवण नेमकी टोकावर घासते. आणि ताई, मंगळसूत्र मोठं असेल तर वाट्या तिथेच आपटतात. काही महिने आखूड घाला.

घाटमाथा:
आखूड-लांब हा ज्याचा त्याचा प्रश्न.

शिवणयंत्र:
फॅशनचं नाही, घासण्याचं बोलतेय!

अबोली:
खोबरेल तेलाने मालिश चालेल ना? आमच्याकडे एरंडेल म्हणतात.

मिरजकर:
कुठलंही. तेल फक्त बोट सरकायला. काम दाबाने होतं: नखाचं टोक पांढरं पडेल इतपत दाब, व्रणावर आडवं, उभं, गोल. जखम पूर्ण बंद असेल तरच. मसाजर नको.

चाफा७:
सगळ्यांचे आभार. ऑपरेशन नोट मागवली, देठच आहे. बी-१२ ची तपासणी उद्या. ब्रा, शीट, मशीन काहीच घेत नाहीये. सर्जननी आता आधाराची ब्रा काढली तरी चालेल म्हटलंय, त्यामुळे घरात नवऱ्याचे जुने बनियन उलटे घालतेय, शिवण बाहेर. डावीकडे काल पहिल्यांदा चिडचिड झाली नाही. उरलेल्या पैशांचे आंबे आणले.

शिवणयंत्र:
बनियनला आधार कुठे असतो? बाहेर जाताना काय? माप सांगा, मी सांगते कुठली घ्यायची.

रोखठोक:
शीट राहिलीच.