क्रेप मर्टल दर हिवाळ्यात खोडापर्यंत छाटावे का?

प्रश्न (डॅलसकर)
नमस्कार. डॅलसजवळच्या उपनगरात घेतलेल्या आमच्या घराच्या अंगणात क्रेप मर्टलची तीन मोठी झाडे आहेत. फेब्रुवारीत आजूबाजूच्या बहुतेक घरी या झाडांची खोडे खांद्याएवढ्या उंचीवर तोडली जातात, आणि तसे केले नाही तर फुले येत नाहीत, असे हिरवळ कापायला येणारे सांगतात. आमच्या एका झाडाच्या सालीवर पांढरे, लोकरीसारखे थर दिसतात व पाने काजळी धरल्यासारखी काळी पडली आहेत. छाटणी न केल्यामुळे असे झाले असेल का?

उत्तर (परसबाग)
छाटणीचा आणि काजळीचा संबंध नाही. या झाडाला फुले चालू वर्षाच्या नव्या फुटीच्या टोकाला येतात, त्यामुळे हिवाळ्याच्या अखेरीस कापले तरी बहर बुडत नाही. त्यावरूनच ‘कापले तरच फुलते’ असा समज पसरला असावा. वास्तविक न कापलेले झाडही दर वसंतात नवी फूट काढतेच. उलट दरवर्षी एकाच जागी तोडलेल्या खोडावर बेढब गाठी तयार होतात, त्यांतून लांब व अशक्त फांद्यांचे झुपके निघतात आणि पाऊस पडला की भिजलेल्या तुऱ्यांच्या भाराने त्या लोंबू लागतात. अमेरिकेतले बागकामाचे जाणकार याला ‘क्रेप मर्डर’ म्हणतात, आणि मला ते नाव मुळीच अतिशयोक्त वाटत नाही. वाळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आणि बुंध्यापासून निघालेले फुटवे काढावेत. बाकी झाडाला हात लावू नये. जुनी साल पापुद्र्यांनी गळून आतले गुळगुळीत, तपकिरी-करडे खोड उघडे पडते, ते निष्पर्ण हिवाळ्यातही पाहत राहावे असे असते. खोडच तोडले तर ही शोभा कुठून दिसणार?

उत्तर (कीडनिरीक्षक)
पांढरा थर नखाने चिरडून पाहा. गुलाबी द्रव निघाला तर ती क्रेप मर्टलवरची खवले कीड समजावी. अमेरिकेत ती प्रथम 2004 मध्ये आपल्या डॅलसजवळच्या रिचर्डसन येथेच आढळली. ती रस शोषून चिकट, गोड स्राव सोडते व त्यावर काळी बुरशी वाढते. हिवाळ्यात पाने गळल्यावर मऊ ब्रश आणि भांड्यांच्या साबणाचे सौम्य पाणी वापरून खोड घासून काढल्यास कीड बरीच कमी होते. मुळांवाटे शोषली जाणारी कीटकनाशके परिणामकारक असली तरी बहरावर मधमाश्या येतात, हे लक्षात घेऊन ती अगदीच नाइलाज झाला तरच वापरावीत.

उत्तर (पुणेकर)
आपले राज्यपुष्प ताम्हण याच प्रजातीतले, म्हणून थोडे लिहितो. दोन्ही फुले जवळून पाहिली तर बारीक देठावर उभ्या राहिलेल्या, चुणीदार कडांच्या पाकळ्या आणि मधला पिवळ्या पुंकेसरांचा झुबका यांवरून नाते लगेच ओळखू येते. ताम्हण मात्र मोठा वृक्ष होतो. क्रेप मर्टल इकडे लहान बागेत, अगदी मोठ्या कुंडीतही जमते. त्याला दिवसभर ऊन हवे. सावलीत फुले कमी येतात आणि दमट हवेत पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी बुरशी, पडते.

डॅलसकर
सर्वांचे आभार. थर चिरडून पाहिला, द्रव गुलाबीच निघाला. आता एकच अडचण उरते: खिडकीसमोरचे झाड छपराला टेकले आहे, त्याचे काय करावे?

परसबाग
ते बहुधा उंच वाढणाऱ्या वाणाचे असेल. ‘नॅचेझ’ हा पांढऱ्या फुलांचा प्रसिद्ध वाण सहज 6 मीटरच्या वर जातो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात तयार झालेल्या या वाणावर भुरी सहसा येत नाही, परंतु खिडकीसमोर तो लावण्यात अर्थ नाही. छपराला लागणाऱ्या फांद्या त्यांच्या उगमापाशी कापून वर्षभर वाट पाहा. तरीही अडचण वाटली तर झाड पानगळीच्या काळात दुसरीकडे हलवावे आणि त्या जागी साधारण 3 मीटरपर्यंतच वाढणारा ‘अकोमा’ किंवा ‘टोंटो’ लावावा.