जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी घेताना ‘शंभर टक्के ओरिजिनल’चा हट्ट कशासाठी?

हँडगिअर:
काल ‘जुना पत्रा’ यांनी इथे लिहिलं, “पद्मिनी घ्यायची तर शंभर टक्के ओरिजिनल. एक जरी पार्ट बदललेला दिसला तरी गाडी सोडून द्या.” हा सल्ला ऐकून नवखा माणूस चांगली गाडी सोडेल आणि सडकी घेऊन येईल, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

पन्नास वर्षांचा ब्रेक होज (ब्रेक ऑइलचा रबरी पाइप) ओरिजिनल असला तर तो धोका आहे. रबर आतून फुगतं. ब्रेक दाबला की ऑइल पुढे जातं, पाय काढला तरी मागे येत नाही, आणि ड्रम तापून चाक धरून ठेवतो. व्हील सिलिंडरचं किट, पेट्रोल पंपाचा डायफ्राम, क्लच प्लेट, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) ही झिजायचीच कामं. ती बदललेली असतील तर विकणाऱ्याने गाडी सांभाळली असं समजा.

ओरिजिनल बघायचं ते पत्र्यात आणि नंबरात. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडी हीच चासी. म्हणून आधी मॅट उचला, सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी) आणि जॅक लावायची जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. धड पत्रा खणकतो, लांबी (पत्र्यात भरायची पुट्टी) भरलेला भद्द वाजतो. चुंबक फडक्यात गुंडाळून दाराच्या खालच्या चार बोटांवरून फिरवा, कारण पाणी तिथेच साचतं; चिकटला नाही तर आत लांबी. मग दाराचं रबर ओढून कड बघा. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे गोल खळगे ठरावीक अंतराने दिसायला हवेत. कड गुळगुळीत असेल तर तिथे पत्रा बदललाय किंवा लांबी आहे.

जुना पत्रा:
माझं वाक्य अर्धंच उचललंत. ब्रेक होज ओरिजिनल ठेवा असं कोण म्हणतंय? मी बोलतोय ग्रिल, क्रोमच्या पट्ट्या, मीटर, दाराच्या कड्या, काचा यांबद्दल. १०८९ सीसी इंजिनाच्या रिंगा आणि गॅस्केट पुण्याच्या नाना पेठेत शोधली तर मिळतात. जुन्या बाजारात बुधवार-रविवार फेऱ्या मारूनही धड ग्रिल मिळत नाही. नवीन बनवलेलं ग्रिल पातळ पत्र्याचं, भोकं जुळत नाहीत, मग फिटर मडगार्डला नवीन भोक पाडतो. तिथून गंज सुरू. इंजिन पुन्हा बांधता येतं हो, गेलेलं सामान परत येत नाही!

काचांवरचा छाप वाचा. सगळ्यांवर एकच छाप आणि एकाच दारावर वेगळा, तर त्या बाजूला ठोक बसलाय. चुंबकाच्या आधी मी हेच बघेन.

मडगार्ड:
दोघांनीही मुख्य गोष्ट सोडली. मुंबईची टॅक्सी रंगवून प्रायव्हेट म्हणून विकलेली असू शकते. डाव्या पुढच्या मडगार्डला टॅक्सीच्या भाड्याच्या मीटरची भोकं बुजवलेली आहेत का, ते आतून हात घालून बघा. बाहेरून लांबीने झाकतात, आतून वेल्डिंगचा खडबडीतपणा बोटाला लागतो. टपाच्या पन्हाळीतलं रबर उचलून रंग नखाने खरवडा, खाली पिवळा निघाला की समजा. डिकीत सीएनजी सिलिंडरच्या पट्ट्यांची भोकं शोधा.

हँडगिअर:
काचेच्या छापाचं मान्य, ते मी लिहायला हवं होतं. पण ग्रिलसाठी इंजिन दुय्यम ठरवू नका. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. १९७४ ची पद्मिनी वयात बसते, पण तिच्यात डिझेल किंवा मारुतीचं इंजिन टाकलं असेल तर ग्रिल कितीही चकचकीत असू द्या, ती बाद. बल्कहेडवरचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचा) चासी नंबर आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर टॉर्च लावून आरसीशी अंकन्‌अंक जुळवा. आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असतील तर टोकन देऊ नका.

आणि ही नोंदणी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. रोज लक्ष्मी रोडला न्यायची असेल तर साधी नोंदणी ठेवा आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करा.

सोलेक्स:
ग्रिल, नंबर, काचा! टाकी कोण बघणार? आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्रा आतून खातं. जुने रबरी पाइप मऊ पडतात. कार्बोरेटरची फ्लोट चेंबर उघडा, पांढरी भुकटी दिसली की काय चाललंय ते कळेल. जुन्या गाड्यांचा गळा घोटलाय सरकारने, आणि तुम्ही चुंबक फिरवताय.

टायमिंग:
प्रत्येक दुखण्याचं खापर इथेनॉलवर फोडायची सवय लागलीय. जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रात) अडकतो तो चाळीस वर्षांचा गंज. ई-२० ने तो फक्त सुटा केला. २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं तेव्हाही “आता जुनी इंजिनं संपली” अशीच ओरड होती. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी, शिशाविना झिजेल अशी भीती होती ती) वेगळ्या बसवलेल्या. गाड्या आजही चालतायत.

सोलेक्स:
आणि वेपर लॉक (उष्णतेने पेट्रोलची पाइपातच वाफ होऊन पुरवठा अडणं)? मे महिन्यात कात्रज घाटात पंपावर ओलं फडकं ठेवून उभ्या असलेल्या गाड्या दिसत नाहीत तुम्हाला?

टायमिंग:
ओलं फडकं इथेनॉलच्या आधीपासून आहे. पाइप एक्झॉस्टला चिकटून नेलाय का ते बघा आधी.

सोलेक्स:
इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं. हे रसायन आहे, सवय नव्हे. ॲल्युमिनियमच्या हेडला तापणं परवडत नाही!

टायमिंग:
हे बरोबर आहे, नाकारत नाही. पण उपायही सांगा की, नुसता आरडाओरडा काय कामाचा? व्हिटॉनचे (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे) पाइप टाका, पंपाला इथेनॉल सोसणारा डायफ्राम बसवा, टाकीनंतर पारदर्शक फिल्टर लावा. मग स्पार्क प्लग काढून बघा. टोक तपकिरी असेल तर ठीक, पांढरंफटक असेल तर मेन जेट एक पायरी मोठा करा, काळी काजळी धरली तर परत लहान. उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा.

आणि हेड जातं ते बहुतेक वेळा नळाच्या पाण्याने. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. गढूळ तांबडं पाणी म्हणजे कूलंट कधी घातलंच नाही. ऑइलच्या झाकणाखाली साय जमलेली दिसली तर पाणी ऑइलमध्ये उतरतंय. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. शेजारशेजारचे दोन कमी आले तर मधलं गॅस्केट गेलंय.

मडगार्ड:
धागा जुन्या गाडीच्या ओरिजिनल पार्टचा होता.

जुना पत्रा:
‘एक जरी पार्ट’ हे शब्द मागे घेतो. झिजणारे पार्ट बदललेले चालतील, इंजिन नंबर जुळलाच पाहिजे. पण ग्रिल आणि मीटर नसलेली गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर त्या दोन वस्तू आधी हातात येऊ द्या, मगच टोकन द्या. यावर माझं मत बदलणार नाही.