लेकरांना भाजी खाऊ घालायला धाक, लालूच की नुसतं वाढून गप बसायचं?

लातूरची_आई:
"दोन घास भाजी खा, मग मोबाईल देते" हा सौदा आपणच बंद करायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. लेकरू त्यातून एवढंच शिकतं की भाजी म्हणजे शिक्षा अन मोबाईल म्हणजे बक्षीस. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, शेतात बघा, घरी मेथीचं पान निवडून बाजूला काढणारी लेकरं तिथं भज्जी, म्हणजे बेसन लावलेली मिसळ भाजी, मागून मागून खातेत, अन त्यात वाटाणा, हरभरा, तुरीचे दाणे, मेथी, पातीचा कांदा सगळंच पडलेलं असतं. कारण तिथं सगळे एकच खायलेले असतात, लेकराच्या ताटाकडं कुणी डोळे लावून बसत नाही अन पळून पळून भूक लागलेली असते. घरी पण थोडी वाढा, सोबत बसून स्वतः खा, पुढं काही बोलू नका.

परभणीचा_बाप:
ताई येळवस वर्षातून एकदा येते, बाकीच्या दिवसाचं काय करायचं? गप बसलं तर आमचं पोरगं चटणी-भाकरीवर महिना काढील. आमच्या वडलांनी डोळे वटारले की दोडका असो की कारलं, गुमान खायचो, आज सगळं खातो. डब्ल्यूएचओनं २०२३ मध्ये सांगितलंय की २ ते ५ वर्षाच्या लेकराला रोज किमान २५० ग्रॅम भाज्या-फळं पाहिजेत, ६ ते ९ ला ३५०. एवढं लेकराच्या मर्जीवर सोडून होणारय का?

लातूरची_आई:
दादा त्यात फळं पण धरलेली आहेत, पेरू, केळी, सीताफळ मोजा की. अन लालचीचं म्हणाल तर अमेरिकेत संशोधक लिअॅन बर्च यांनी १९८४ मध्ये लेकरांना केफिर नावाचं ताकासारखं पेय दिलं होतं, ज्यांना ते पिल्याबद्दल बक्षीस मिळालं त्यांची त्या पेयाची आवड उलट कमी झाली.

बीडकर_ताई:
अर्धीच गोष्ट सांगू नका. २०११ मध्ये लंडनच्या शाळांत संशोधक लुसी कुक यांच्या टीमनं नावडती भाजी नुसती चाखली तरी लेकरांना स्टिकर दिला, रोज असं केलं तर आवड वाढली अन नंतर पण टिकली. म्हणजे बक्षीस सरसकट वाईट नाही, छोटं असावं अन चाखण्याचं असावं, ताट संपवण्याचं नाही. अन लपवण्याला एवढी नावं का ठेवता लोक? मी धपाट्यात मेथी, कोथिंबीर, किसलेला दुधी घालते, लेकरं दह्यासोबत सहा-सात सहज खातात. पोटात जायलंय ना!

लातूरची_आई:
धपाटे करा की, मी पण करते. पण लेकराला सांगून करा, पिठात स्वतःच्या हातानं मेथी टाकू द्या. चोरून घातलं अन त्याला कळलं की ते धपाटं पण खाईना.

नांदेडची_आजी:
तुम्ही सगळे ताटावरच भांडायलेत बाबा, त्याच्या आधीचं कुणी बघंना. संध्याकाळी पाच वाजता लेकराच्या हातात पाच रुपयाचा कुरकुऱ्याचा पुडा असतो, मग आठ वाजता त्याला भूक कुठून लागणार? आणि उन्हाळ्यात आपल्याकडं हिरवी भाजी महाग अन सुकलेली, तेव्हा हरभऱ्याची वाळवलेली भाजी काढायची, मटकीला मोड आणायचे, अंबाडीत ज्वारीच्या कण्या घालून वर लसणाची फोडणी द्यायची. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यातलं लोह अंगी लागतं. चवच नसलेली पाणचट भाजी वाढायची अन लेकराला दोष द्यायचा, हे मला पटत नाही.

परभणीचा_बाप:
आजी, पुड्याचं पटलं, तो आजपासून बंद. पण धाक मी सोडत नसतो. उद्या हेच लेकरू होस्टेलला जाईल, तिथं जे ताटात पडलं ते खावंच लागतं.

लातूरची_आई:
होस्टेलला तुमचे डोळे नसणार दादा. तिथं मेसमध्ये दोडका आवडला तरच खाईल, नाहीतर बाहेर जाऊन वडापाव खाईल.