घारापुरीची तरुण मुलं बेटावर टिकावीत की मुंबईला यावीत?

मोराबंदरची लेक, माझगाव
माझं माहेर घारापुरी, एलिफंटा लेण्यांचं बेट. लग्न होऊन माझगावात आले त्याला बावीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात भाचा बॅग घेऊन आमच्या दारात उभा राहिला. वय एकोणीस. शिवडीला एका गोदामात कामाला लागलाय. त्याच रात्री बाबांनी मला फोनवर ऐकवलं, "गावातली पोरं तूच पळवतेस." तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडते.

बेटावर शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर ही तीन गावं, मिळून वस्ती हजार-बाराशेची. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली. आधी संध्याकाळचे काही तास जनरेटर, बाकी कंदील. वीज आली तेव्हा सगळे म्हणाले, आता पोरं गाव सोडणार नाहीत. घरात फ्रिज आला, टीव्ही आला, पोरं तरी निघतातच. कारण बोटीच्या वेळा होत्या तिथेच आहेत. संध्याकाळची शेवटची बोट गेली की बेट बंद. कॉलेज पाण्यापलीकडे. दुपारपाळीची नोकरी धरता येत नाही, संध्याकाळचा क्लास लावता येत नाही, पावसाळ्यात समुद्र खवळला की खाडा. असं असताना जाणाऱ्या पोराला दोष कसा देता?

शेतबंदरचा दुकानदार
ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे पटलं नाही. मी सव्वीस वर्षांचा. बारावी उरणला केली आणि मुद्दाम परत आलो. लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर आमचं दुकान आहे. १९८७ पासून लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत, माणूस आपण होऊन इथे येतो. गोदामात दहा तास उभं राहून भाचा जे आणेल, त्यातलं खोलीभाडं आणि खाणं जाऊन हातात काय उरेल? इथे घर स्वतःचं, मासळी दारात. एकेक पोरगा निघाला की त्याची जागा बाहेरचा माणूस धरतो. दहा वर्षांनी दुकानं असतील, गाव नसेल. लेणी ज्या डोंगराच्या पोटात आहेत तो सांभाळला आपल्याच माणसांनी.

मोराबंदरची लेक, माझगाव
भाऊ, तुझं दुकान चालतंय याचा मला आनंदच आहे. पण सोमवारी लेणी बंद, पावसाळ्यात बोटींचा भरवसा नाही, आणि पायऱ्यांवर ओळीने सगळीकडे त्याच माळा, त्याच मूर्ती. १८ डिसेंबर २०२४ आठव. गेटवेहून आपल्याकडेच निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, पंधरा माणसं गेली. अशा एका दिवसाने तिन्ही गावांची चूल हलते. एकाच धंद्यावर सगळी तरुण पोरं कशी बसवायची? पूर्वी निदान मासेमारी जोडीला होती. समोर न्हावा-शेव्याचं बंदर झालं, जहाजांची ये-जा वाढली, तेव्हापासून जाळ्यात काय लागतं ते माझ्या बाबांना विचार.

गिरगावकर काका
मी घारापुरीचा नाही, तरी बोलतो. "मुंबईला या" म्हणता ती कुठली मुंबई? कुलाबा ते माहीम-शीव ही मूळ मुंबईसुद्धा बेटंच, आणि इथूनही तरुण चाललेत. जनगणना पाहा. शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार. त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा ८६ लाखांवरून ९३ लाखांच्या पुढे गेला. आमच्या चाळीत गणपतीला खांदा द्यायला पोरं कमी पडतात. माझा मुलगा डोंबिवलीला, मुलगी विरारला. चाळीची खोली दहा बाय बाराची, त्यात लग्न झालेलं जोडपं कुठे झोपणार? तुमचा भाचा आज आत्याकडे आहे. उद्या त्याचं लग्न ठरलं की तोही लोकल धरून लांब जाईल. मग घारापुरी सोडून त्याने काय मिळवलं?

मोराबंदरची लेक, माझगाव
काका, तुमची मुलं रात्री साडेबाराच्या लोकलनेही घरी पोचतात. माझ्या भाच्याला सहानंतर घरी जायची सोयच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

राजबंदरची, सध्या पनवेल
दोन्ही बाजू मुलांचंच बोलताहेत, मुलींचं कुणी विचारतच नाही. मी एकवीस वर्षांची, नर्सिंग शिकते. दुकानदार दादा, तुम्ही परत आलात, कारण दुकान तुमच्या नावावर होणार होतं. माझ्या आईने त्याच पायऱ्यांवर उन्हात बसून काकड्या, मक्याची कणसं विकून मला शिकवलं, पण जागा भावाची. मी परत येऊन बसू कुठे? धाकट्या भावाच्या वेळी आईला रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा होडीत घालून पलीकडे नेलं होतं. मी सात वर्षांची होते, काठावर उभी राहून दिवा दिसेनासा होईपर्यंत पाहत होते. मी नर्सिंगला गेले ती त्या रात्रीमुळे. बेटावर रात्रंदिवस उघडं राहणारं आरोग्य केंद्र आणि त्यात पगाराची जागा द्या, पहिला अर्ज माझा.

शिवडीचा वाचक
अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, बेटावरून दिसतोही. त्याला घारापुरीचा फाटा का काढत नाहीत? प्रश्न एका दिवसात सुटेल.

शेतबंदरचा दुकानदार
नको दादा. गाड्या आल्या की हॉटेलवाले येतील, आणि आम्ही त्यांच्याकडे वेटर. शिवाय लेण्यांपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढे दोनशे मीटर परवानगी लागते. ती बंदी हवीच. आम्हाला हवंय ते वेगळं. पर्यटकाला रात्री मुक्काम करता येत नाही. गावातल्या घरात दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची मुभा मिळाली तर संध्याकाळनंतरही कमाई होईल, मुलींच्याही हाताला काम येईल. राजबंदरच्या ताईचं खरं आहे. जागा मुलींच्या नावावर व्हायला हवी, हे मी ग्रामसभेत बोलेन. पण मुक्काम सुरू होईपर्यंत गावात पोरंच उरली नाहीत तर त्या खोल्या चालवणार कोण? म्हणून म्हणतो, जाऊ नका.

मोराबंदरची लेक, माझगाव
मुक्कामाचं पटलं. पण परवानगी येईपर्यंत एकोणीस वर्षांच्या मुलाने वाट पाहत बसावं, हे नाही पटत. त्याच्या वयाची वर्षं थांबत नाहीत.

शेतबंदरचा दुकानदार
गणपतीला त्याला पाठवा, मी त्याच्याशी बोलतो.

मोराबंदरची लेक, माझगाव
पाठवते. रविवारी सकाळी येईल. सोमवारी सहाला त्याची पाळी आहे, तेव्हा आरतीला थांबवू नकोस, शेवटच्या बोटीत बसवून दे.