शब्दचर्चा : ‘डिटेन’ केले, म्हणजे नेमके काय केले?

सुरंगी :
रत्नागिरीतल्या आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी ‘मनरो विरुद्ध पेप’ या अमेरिकी दाव्यावर लेख लिहीत आहे. १९५८ साली शिकागोचे तेरा पोलीस वॉरंट नसताना मनरो यांच्या घरात घुसले. दाव्यातील कथनानुसार त्यांनी पती-पत्नीला विवस्त्र अवस्थेत दिवाणखान्यात उभे केले, खण उपसले, गाद्यांचे अभ्रे फाडले. त्यानंतर मनरो यांना ठाण्यात नेऊन दहा तास चौकशी केली आणि कोणताही आरोप न ठेवता सोडून दिले. पोलिसांवर नागरी हक्कांच्या १८७१ च्या कायद्याखाली व्यक्तिशः दावा लावता येतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये दिला. मूळ इंग्रजीतल्या ‘डिटेन’साठी मी ‘दहा तास अटकेत ठेवले’ असे लिहिले होते. मुद्रितशोधन करणाऱ्या स्नेह्यांनी ‘अटकेत’ खोडून ‘स्थानबद्ध’ केले. योग्य काय?

निवृत्त नाझर :
‘स्थानबद्ध’ मुळीच नको. त्या शब्दामागे सरकारचा लेखी हुकूम असतो आणि बहुधा दीर्घ मुदत असते. हे रत्नागिरीकरांना वेगळे सांगायला नको. ब्रह्मदेशाचा पदच्युत थिबा राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत येथे स्थानबद्ध होता आणि सावरकर १९२४ ते १९३७ या काळात. आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठातही अनुच्छेद २२ मध्ये ‘अटक’ आणि ‘स्थानबद्धता’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी, पण वेगवेगळ्या अर्थाने येतात. कायद्याच्या मराठीत आपल्याला हवा तो शब्द तयार आहे : ‘गैरपरिरोध’. वाट अडवली तर गैरनिरोध, ठरावीक हद्दीबाहेर जाऊच दिले नाही तर गैरपरिरोध. तोच वापरावा.

खाडीकाठ :
नाझरकाका, आपला आदर राखून विचारतो, ‘गैरपरिरोध’ हा शब्द न्यायालयाच्या आवाराबाहेर आपण कोणाच्या तोंडून ऐकला आहे का? काही वर्षांपूर्वी माझ्या मामांना एका चोरीच्या चौकशीसाठी ठाण्यात नेले. सकाळी नेले ते रात्री जेवणाची वेळ टळून गेली तरी सोडले नाही. मोबाइल टेबलाच्या खणात, चपला दाराबाहेर आणि मामा भिंतीकडेच्या बाकावर. आम्ही विचारले, ‘अटक केली आहे का?’ उत्तर आले, ‘अटक नाही, नुसते बसवून ठेवले आहे.’ आमच्याकडे सगळे हेच म्हणतात. लेखातही ‘दहा तास बसवून ठेवले’ असेच लिहावे. वाचकाला त्या बाकाची आठवण होईल.

निवृत्त नाझर :
आपल्या मामांवर अन्याय झाला, याबद्दल दुमत नाही. पण म्हणूनच तो शब्द मला नकोसा वाटतो, कारण तो ठाण्यातूनच आलेला आहे. ‘बसवून ठेवले’ म्हटले की दैनंदिनीत नोंद नको, नातेवाइकांना कळवणे नको आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याचे बंधनही जणू लागू होत नाही. माणसाला उठून घरी जाता येत नसेल, तर त्याचे स्वातंत्र्य गेलेले असते. ते हिरावणाऱ्याच्या सोयीचा शब्द आपण का उचलावा?

कातळसडा :
‘अटक’ हा शब्द सिंधूकाठच्या अटक किल्ल्यावरून आला, असे आमचे गुरुजी सांगत.

निवृत्त नाझर :
ती लोकव्युत्पत्ती आहे. ‘अटकणे’, ‘अटकाव’ हे शब्द त्याच कुळातले आहेत. त्यासाठी अटकेपार जायला नको.

खाडीकाठ :
मग ‘डांबून ठेवले’ चालेल का? त्यात जबरदस्ती येते आणि शब्दही घरातला आहे. याच गावात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली आणि त्यांचे ‘दिनांक’, ‘महापौर’ रुळले, ते लोकांना उच्चारता आले म्हणून. ‘गैरपरिरोध’ इतकी वर्षे छापला जात असूनही कोणी उच्चारत नाही.

कातळसडा :
मला ‘विनावॉरंट झडती’ची अधिक काळजी वाटते. ‘झडती’ उत्तम; ‘झाडणे’ आणि ‘झाडाझडती’ यांच्या घरचा शब्द आहे, त्यात गाद्या झटकल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. पण आपल्याकडे विनावॉरंट झडती प्रत्येक वेळी बेकायदा नसते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६५ आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८५ यांनुसार विलंब परवडणार नसेल, तर तपास अधिकाऱ्याला कारणे लेखी नोंदवून झडती घेता येते. नव्या संहितेत तिचे ध्वनिचित्रमुद्रणही करावे लागते. म्हणून नुसते ‘विनावॉरंट’ लिहिल्याने गैरकृत्य सिद्ध होत नाही. सुरंगीताईंनी ‘बेकायदा’ हा शब्द वेगळा लिहिलाच पाहिजे. आणि कृपा करून ‘अधिपत्राविना’ नको. वॉरंट हा शब्द गावच्या पोलीस पाटलालाही कळतो.

सुरंगी :
‘बेकायदा’ घालते. लेखाचे शीर्षक सध्या ‘पोलिसांवरील खटला’ असे आहे.

निवृत्त नाझर :
‘खटला’ म्हटले की लोकांना आरोपी, पिंजरा आणि शिक्षा दिसते. मनरो यांनी मागितली होती ती भरपाई. तो दिवाणी दावा होता.

खाडीकाठ :
पण ‘दावा’ म्हटले की कोकणात सामाईक जमीन, कुळ आणि बांध एवढेच डोळ्यांपुढे येते. कोणाला वाटेल, मनरो यांची पोलिसांशी हद्दीवरून भांडणे होती. ‘पोलिसांविरुद्ध न्यायालयात’ एवढेच लिहावे.

कातळसडा :
आपल्याकडे तर अशा प्रकरणात दिवाणी दाव्याची वाट पाहावी लागतेच असे नाही. रुदुल शाह १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात राहिले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या रिट याचिकेतच (मूलभूत हक्कासाठी थेट वरिष्ठ न्यायालयात केलेल्या अर्जातच), आधी दिलेल्या पाच हजारांखेरीज आणखी तीस हजार रुपये देण्याचा अंतरिम आदेश दिला आणि वेगळ्या दाव्याचा मार्गही खुला ठेवला. लेखात भारताचा उल्लेख येणार असेल तर ‘दावा’ आणि ‘याचिका’ यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

खाडीकाठ :
चौदा वर्षांना तीस हजार? याला ‘नुकसानभरपाई’ म्हणायचे का, हे आधी ठरवा.

निवृत्त नाझर :
न्यायालयानेच ती रक्कम तात्पुरती दिलासा देणारी मानली होती. मी ‘अंतरिम भरपाई’ म्हणेन. ‘नुकसान’ हा शब्द मालमत्तेकडे झुकतो.

खाडीकाठ :
मला तसे वाटत नाही. मामांची एका दिवसाची मजुरी बुडाली, ते नुकसानच होते.