मदत हवी आहे: पत्त्यांच्या जादूचं पुस्तक पक्क्या बांधणीचं घ्यावं की पेपरबॅक?

मंडळी, प्रश्न वाचून हसाल कदाचित, पण तीन आठवडे माझं घोडं इथेच अडलंय.

अर्डनेसचं 'द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल' विकत घ्यायचं आहे. पुस्तक १९०२ सालचं, शिकागोत निघालेलं, आणि लेखकाचं खरं नाव अजून नक्की ठरलेलं नाही. (एस. डब्ल्यू. अर्डनेस ही इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की ई. एस. अँड्र्यूज होतं. तेवढ्यावरून लोकांनी वर्षानुवर्षं खोदकाम केलंय. पण कृपा करून तो विषय इथे काढू नका, माझा प्रश्न बाजूला राहील.) जुनं असल्यामुळे ते अनेकांनी अनेक तऱ्हांनी छापलंय, आणि घोळ तिथेच आहे.

आतापर्यंत मित्राची पेपरबॅक वापरत होते. कादंबरी वाचताना पुस्तक हातात धरता येतं. इथे दोन्ही हातांत कॅट असतो. वाटताना वरच्याऐवजी तळचा पत्ता काढायचा सराव चालू होता. डाव्या हाताची पकड चित्राप्रमाणे आहे ना, म्हणून मान वळवावी तर पुस्तक मिटलेलं. पुन्हा कॅट खाली ठेवा, पान शोधा, पकड पहिल्यापासून बसवा. एका पानावर चष्म्याचं घर ठेवून पाहिलं, दुसरं कोपराने दाबून पाहिलं; कोपर दाबला की मनगट वाकडं होतं. शेवटी वैतागून पुस्तक मधोमध उघडलं आणि तळहाताने करकचून दाबलं. कट्ट! तेव्हापासून मधली आठ-दहा पानं सुटी आहेत. रबरबँड लावून ठेवलंय आणि मित्राला एक नवी प्रत देणं लागते. त्याला पेपरबॅकच हवी आहे, ते मिटलं. प्रश्न माझ्या प्रतीचा आहे.

पक्क्या बांधणीचं पुस्तक टेबलावर सपाट पडून राहतं असं सगळे सांगतात. खरंच राहतं का? की नुसताच पुठ्ठा जाड आणि आत तोच गोंद?

दुसरी भानगड चित्रांची. एम. डी. स्मिथ यांनी काढलेली शंभरावर चित्रं या पुस्तकात आहेत, आणि एकेका बोटावर सगळा खेळ अवलंबून. मी चाळलेल्या एका देखण्या, सोनेरी अक्षरांच्या प्रतीत ती कशीतरी स्कॅन करून टाकली होती. रेषा तुटक, सावल्यांचे काळे डाग. करंगळी कॅटच्या खाली आहे की कडेला, काही केल्या कळेना. दुसऱ्या एका प्रतीत मजकूर नव्याने जुळवलेला, त्यामुळे वर्णन एका पानावर आणि त्याचं चित्र पान उलटल्यावर. हातात बावन्न पत्ते धरून पान उलटून बघा एकदा!

पुस्तक शोभेसाठी नकोय, रोज तासभर टेबलावर उघडं राहणार आहे. वापरणाऱ्यांनी सांगा, काय घेऊ?

प्रतिसाद १

पुठ्ठा बघून फसू नका. बघायचं ते शिलाईकडे. पुस्तक मिटून उभं धरा आणि कण्याच्या वरच्या टोकाकडे डोकावा. फर्म्यांच्या (म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुड्यांच्या) घड्यांचे गोल गोल पुंजके दिसले तर आशा आहे; सगळी पानं सरळ कापून एका रेषेत चिकटवलेली दिसली तर ती पेपरबॅकच, कोट घातलेली. पुंजके दिसले तरी एखाद्या फर्म्याच्या मधोमध उघडून दोरा दिसतो का ते पाहा, कारण घड्या ठेवून नुसता गोंद लावणारेही असतात. ऑनलाइन घेणार असाल तर विक्रेत्याकडून त्या जागेचा फोटो मागवा. देत नसेल तर सोडून द्या.

शिवलेलं नवं पुस्तकही पहिल्या दिवशी ताठच असतं. एकदम मधोमध उघडू नका (तुम्हाला आता सांगायला नकोच). पुढून थोडी पानं, मागून थोडी पानं, असं आलटून पालटून घडीजवळ हलक्या बोटाने दाबत मध्यापर्यंत या.

प्रतिसाद २

माझं मत उलटं आहे. चित्रं स्वच्छ असलेली आणि वर्णनाजवळच असलेली पेपरबॅक घ्या आणि सरळ स्पायरल करून टाका. पुस्तकाचा अपमान वगैरे काही होत नाही, ते हत्यार आहे. माझी प्रत तशीच आहे. पान पूर्ण मागे वळतं आणि टेबलावर निम्मीच जागा लागते. फक्त कणा कापताना थोडा कागद जातो, वर भोकं पडतात, म्हणून आतला समास आधी मोजा. समास अरुंद असेल तर ओळींची सुरुवातच जाईल.

आणखी एक. एकेक परिच्छेद स्वतःच्या आवाजात फोनवर हळूहळू रेकॉर्ड करा. 'अनामिका इथे, अंगठा तिथे' हे कानावर पडत असलं की डोळे हातावर राहतात, पुस्तक फक्त चित्रापुरतं लागतं. अर्डनेसची वाक्यं लांबलचक आहेत, वाचतानाच ती तोडून सोपी करून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. कण्यात डोकावायचं सुचलंच नव्हतं. आत्ता घरातली पक्क्या बांधणीची सात पुस्तकं काढून पाहिली, दोरा फक्त दोघांत सापडला!

त्यामुळे देखण्या प्रतीचं भूत उतरलंय. चित्रं तपासून पेपरबॅकच घेते, दोन प्रती. मित्राची फुटलेली प्रत माझ्याकडेच राहणार आहे, तर स्पायरलचा पहिला प्रयोग तिच्यावर. आतला समास मोजला, जेमतेम दीड सेंटिमीटर भरला. एवढ्यात भागेल का? आणि भोकं गोल पाडून घ्यावीत की चौकोनी? पानं रोज उलटली जाणार आहेत, कुठली लवकर फाटतात?